सराफातले सरबत

१६ एप्रिल

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. खताच्या दुकानातून ही डायरी जानेवारीत फुकट मिळाली आणि आज एप्रिल अर्धा सरला. माफी कोणाची मागतो आहे ते मला ठाऊक नाही. सहावीपर्यंत शाळा झाली, तेव्हा मास्तरांनी लिखाण असेच सुरू करायला शिकवले होते. दुसरी सुरुवात मला येत नाही.

नात भूमिका म्हणाली, "आबा, दिवसभर मनात घोळवता आणि रात्रभर कुशी बदलता. त्यापेक्षा लिहा." म्हणून बसलो.

सध्याचा घोर पितांबरचा आहे. आमच्या असोद्यात माझ्या घरासमोर त्याचे घर. लहानपणी एका बाकावर बसलो, म्हातारपणी समोरासमोर बसलो. बायको ताईबाई गेल्यापासून त्याला एक खूळ लागले आहे. एसटीत पंच्याहत्तरच्या वरच्यांना तिकीट नाही, म्हणून तो रोज जळगावला जातो. काम काहीच नाही. शहराची मजा करायची म्हणतो, तीही खिशाला हात न लावता. आता मलाही ओढतो आहे.

"चल रे भो. घरी बसून काय केळी पिकवतो का?"

"मले तिकीट पडतं."

"अर्धंच पडतं ना! बाकीचं अर्धं सरकार भरतं, त्याच्या जिवाले घोर. तुले कशाले?"

खरी चीड ही की मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. मास्तरांनी आमच्या दोघांच्या जन्मतारखा अंदाजाने घातल्या आणि त्याची मागे पडली, माझी पुढे. म्हणून कागदावर तो म्हातारा आणि मी तरणा. कंडक्टर त्याला "बसा बाबा" म्हणतो आणि मला "सुटे द्या."

१९ एप्रिल

गेलो. जाऊ नये असे ठरवून गेलो.

जळगाव दहा वाजताच तव्यासारखे तापलेले. गटारीवरच्या फरशा फुटलेल्या, त्यांतून वाफ येते आणि तिथेच एक जण पपईच्या फोडी कापून विकतो. लोक खातात! मी नाकाला उपरण्याचे टोक लावून चाललो.

पितांबर मला एका बँकेत घेऊन गेला. आत थंड हवा. तिथे लोखंडी खुर्च्यांवर आमच्यासारखे पाच-सहा म्हातारे आधीच बसलेले, कोणाचेही काम नाही. एकाने चप्पल काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकलेले. पितांबरने दारावरच्या रखवालदाराला विचारले, "काय रे, पोराचा ताप उतरला का?" आणि यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली. त्याचा नंबर आला की तो उठत नाही, नवी चिठ्ठी काढतो. मला घाम फुटला. कोणी हटकले तर काय सांगायचे? तो म्हणाला, "सांग, पासबुक भरायचं हे."

"पासबुक कुठी हे?"

"घरी राहिलं. म्हणून तर बसलो."

नंतर तो फुकट मालिशच्या दुकानात घेऊन गेला. तिथे तापणाऱ्या गाद्या आहेत. त्यांवर अर्धा तास झोपवतात, खालून लाकडी गोळे पाठीवर फिरतात आणि एक मुलगा माइकवर सांगतो की याने सगळे रोग जातात. बाहेर एवढे ऊन आणि आत माणसे पैसे न देता भाजून घेतात. माझ्या आधी जो उठला त्याच्या पाठीचे तेल गादीवर होते. मी त्यावर झोपलो. घरी येऊन दोनदा आंघोळ केली, तरी तो वास जात नाही.

कंबर मात्र आज दुखली नाही. तो भाग वेगळा.

२३ एप्रिल

आज हद्द झाली. सराफ बाजार.

जळगावच्या सराफात एक रीत आहे. धोतर-टोपीवाल्या माणसाला तिथे कोणी हलके समजत नाही. केळीचा माल गेला की आमचा माणूस पैसे कमरेला बांधून सरळ सराफात जातो, हे त्यांना माहीत असते. पँटवाल्याला विचारतात, "काय पाहिजे?" धोतरवाल्याला म्हणतात, "या, बसा." या रिवाजाचा पितांबर गैरफायदा घेतो. गादीवर बसायचे, पंख्याची झुळूक घ्यायची, मग थंडगार लिंबाचे सरबत येते. दुकानातली मुलगी त्याला "नाना" म्हणते! तो तिच्याशी काहीतरी हळू बोलला, ती हसली आणि दुसरा पेला माझ्यासाठी आणला.

मला लाज वाटली. आमच्या घरून कोणी पाण्यावाचून गेला नाही आणि मी परक्याच्या दुकानात बसून फुकटचे ढोसतो आहे. पेलाही कागदाचा, ओठाला लागताच मऊ पडणारा.

सरबतात थोडे काळे मीठ होते. घरी बायकोला, बेबाबाईला, सांगितले पाहिजे. पण कुठे प्यालो म्हणून विचारेल. नको.

२६ एप्रिल

महत्त्वाचे. भूमिकेला पाहायला दीपनगरहून पाहुणे आले होते. तोताराम चौधरी, त्यांची बायको आणि मुलगा दीपक. तोतारामशेठ ठेकेदारी करतात. मुलगा सहा फूट, बोलतो कमी. पसंती झाली. भूमिकेचे शेवटचे वर्ष आहे, रसायनात एम.एस्सी. करते. तोतारामशेठ म्हणाले, "आम्हाला काही नको, चुडामणभाऊ. मुलगी आणि नारळ. शिक्षण आता पुरे झालं, आमच्या घरी सुनेला नोकरीची गरज नाही." केवढा मोठा माणूस! भूमिकेने चहाचा ट्रे जरा जोरात ठेवला, कपातला चहा बशीत सांडला. लाजेने पोरींचा हात थरथरतो.

हितेंद्र माझा मुलगा. तो मला आत नेऊन म्हणाला, "आबा, तिला विचारू एकदा." मी म्हटले, "विचारायचं काय त्यात? असं स्थळ परत येत नाही. माझे डोळे मिटायच्या आत हे झालं पाहिजे." बेबाबाईने माझ्याकडे पाहिले.

रात्री भूमिका जेवली नाही. उष्म्याने भूक जाते.

आता एकच काळजी. मे अखेरीस साखरपुडा आहे, तो होईतो आमच्याकडून काही वावगे घडू नये. पितांबरबरोबर जाणे बंद.

१ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली. पितरांची घागर भरली, आमरस झाला. पितांबरने ताईबाईच्या नावाची घागर भरली आणि भर दुपारी ओट्यावर येऊन बसला. मी हाक मारून विचारले, "आत का नाही झोपत?" म्हणाला, "सुनेच्या माहेरची माणसं हेत आत. मले इथं वारा लागतो." विचित्र माणूस. त्याच्या ओट्यावर तर वाऱ्याची झुळूकही येत नाही.

जाणे बंद ठरवले होते, पण उद्या एकदाच जाणार आहे. बँकेत खरेच काम आहे. पासबुक भरायचे आहे.

२ मे

पासबुक घरीच राहिले.

भूमिका कॉलेजजवळ भेटली. पितांबर म्हणाला, "चल पोरी, रस पाजतो." आणि खरोखर त्याने खिशातून पैसे काढले! उसाच्या चरकावर माश्यांचे मोहोळ बसलेले. पिळलेल्या उसाच्या चोयट्यांवर कुत्रे झोपलेले. त्या माणसाने बर्फ गोणपाटात गुंडाळून लाकडाने फोडला, आणि ते गोणपाट! मी मुतारी शोधायला गेलो. ती सापडली त्याच्या आधी तिचा वास सापडला.

परत आलो तर दोघे डोके जवळ आणून बोलत होते. मला पाहून गप्प. भूमिकेचे डोळे लाल.

"काय झालं गं?"

"काही नाही आबा. धूळ गेली."

पितांबर म्हणाला, "पोर म्हणते, रसात लिंबू जास्त झालं."

या शहरात धूळच एवढी आहे की डोळे राहतील कसे. पण आपल्या नातीने माझ्यापासून लपवून शेजाऱ्याशी कुजबुज करावी, हे मला आवडले नाही.

५ मे

सगळे नीट लिहितो.

पितांबर सकाळीच आला. परीटघडीचे धोतर, कडक टोपी, दाढी केलेली. मी म्हटले, "लग्नाले चालला का?"

"सराफात. आज बँक नको."

"मी येत नाही."

"ये रे भो. एकदाच ये. परत म्हणणार नाही."

त्याचा आवाज वेगळा वाटला म्हणून गेलो. दुकानात तो नेहमीसारखा कोपऱ्यात बसला नाही. अगदी मध्ये, दारासमोर. सरबत आले. मी पेला तोंडाला लावला तेवढ्यात तो मोठ्याने म्हणाला, "बेटा, तो दहा तोळ्याचा हार काढ. आणि त्यावरच्या बांगड्या."

मुलीने निमूट मखमलीवर हार मांडला. एवढे सोने मी बेबाबाईच्या अंगावर कधी पाहिले नाही. मी त्याच्या धोतराचा सोगा ओढला.

"पितांबर, काय करतो?"

तो आणखी मोठ्याने बोलला, अख्ख्या दुकानाला ऐकू जावे असा. "याच्या नातीसाठी पाहतो. एकुलती एक. बागेचा माल गेला यंदा, हात कशाले आखडायचा? आणि हे दहा तर नुसते गळ्यातले!"

सरबत माझ्या नाकात गेले. ठसका थांबेना. डोळे पुसून पाहतो तर दारात तोतारामशेठ! शेजारी त्यांची बायको, हातात जुन्या पाटल्यांची पुरचुंडी.

मला वाटले जमीन दुभंगावी. पण ते तर हात जोडून पुढे आले. "अरे वा, आबासाहेब! आज इथे?" कालपर्यंत मी चुडामणभाऊ होतो. "दीपकने तुमच्या भूमिकेला सांगितलंच होतं की आम्ही आज सराफात येणार. तुमची इतकी घाई असेल असं वाटलं नव्हतं!" आणि त्यांनी हार हातावर तोलला. नजरेने नव्हे, खरोखर तळहातावर.

पितांबर पेल्यातले शेवटचे सरबत सावकाश पीत होता.

भूमिकेला माहीत होते तर तिने सकाळी मला सांगायला नको? विसरली असेल. परीक्षा तोंडावर आहे.

६ मे

दीपनगरहून फोन. साखरपुडा लवकर करू म्हणतात. तोतारामशेठच्या बायकोने माझी विशेष चौकशी केली. म्हणजे काही बिघडले नाही! पितांबरच्या थापेने झालाच तर फायदा झाला. तरी मन खाते. तो हार कोण घेणार? हितेंद्रला अजून सांगितले नाही. दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा पाणी मागितले.

९ मे

स्थळ मोडले.

तोतारामशेठ घरी आले. चहा झाला, हवापाणी झाले. मग म्हणाले, "आम्हाला काही नको, हे मी आधीच बोललो. पण तुम्ही मुलीच्या अंगावर घालणारच आहात, तर दहाचे पंधरा करा. शोभेल असं. आणि दीपकला चारचाकी. तिच्यात बसणार तुमचीच मुलगी, आमचं काय?"

हितेंद्र म्हणाला, "कोणते दहा तोळे?"

"आबासाहेबांनी स्वतः पाहून ठेवलेत. सराफात."

सगळे माझ्याकडे वळले. हितेंद्र, सून कामिनी, बेबाबाई. आतल्या दारात भूमिका. पुष्कळ खोटे सुचले, पण एकही पुरते सुचेना. म्हणून खरे सांगितले.

"आम्ही सरबत प्यायला गेलो होतो."

"काय?"

"लिंबाचं. फुकट देतात. ऊन फार होतं."

तोतारामशेठ कप खाली ठेवून उठले. "म्हणजे हार घ्यायचा नव्हता?" हितेंद्र म्हणाला, "नव्हता, आणि गाडीही नव्हती. तुम्हाला तर मुलगी आणि नारळ पाहिजे होता ना?" तोतारामशेठ लाल झाले. "असल्या फुकट्यांच्या घरात आम्हाला सोयरीक करायची नाही." चपला घालताना त्यांनी माझी एक चप्पल पायाने बाजूला ढकलली. ते मी पाहिले.

फुकट्यांचे घर. शहात्तर वर्षांत हा शब्द आमच्या उंबऱ्यावर आला नव्हता. पाहुणे पंधरा तोळे मागतात, तेही किळसवाणे. पण त्यांच्या तोंडात हा शब्द मी घातला. मला माझ्याच तोंडाची, त्यात सरबत ओतणाऱ्या हाताची किळस आली.

भूमिका रडत असेल म्हणून रात्री तिच्या खोलीचे दार हळूच ढकलले. फोनवर मैत्रिणीशी बोलत होती आणि तोंडावर उशी धरून हसत होती. दुःख लपवण्याची ही कोणती तऱ्हा! पोरी फार सोसतात.

१० मे

सकाळी ओट्यावर चार माणसे असताना पितांबरला गाठले. जे तोंडाला आले ते बोललो. फुकट्या म्हणालो. माझ्या नातीचा संसार मोडला म्हणालो. ताईबाई सुटली म्हणालो. ते शेवटचे बोलायचे नव्हते.

तो ऐकत राहिला. "व्हय," एवढेच म्हणाला. मग हळूच विचारले, "पोर काय म्हणते?"

"काय म्हणेल? रडत असेल."

"रडताना पाहिलं का तू?"

"तुले काय करायचं?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर झटकली, परत घातली. "बरं," म्हणाला. भांडणारा माणूस तरी परवडला. या माणसाचा राग येतो तो यासाठीच.

१२ मे

पितांबर धुळ्याला गेला. लेकीकडे, दिपमालाकडे. त्याच्या मुलाने सांगितले. कधी येणार विचारले तर म्हणाला, "राहू द्या तिकडेच, हवापालट होईल." आणि ओट्यावर मोटारसायकल आणून लावली.

बरे झाले. ब्याद गेली.

१८ मे

जेवण उतरत नाही. घरात कोणी मला काही बोलत नाही, उलट सगळे जरा जास्तच गोड वागतात. हितेंद्र म्हणाला, "आबा, बरं झालं मोडलं." भूमिका परीक्षा देऊन आली की गाणे गुणगुणते. स्थळ मोडलेल्या घरात गाणे!

आज एकटाच जळगावला गेलो. का गेलो ते विचारू नये. बँकेत बसलो तर रखवालदार आला. "बाबा, काम काय?" पासबुक म्हटले. "दाखवा." उठून बाहेर आलो. त्याच्या पोराचा ताप उतरला का, हे विचारायचे राहिले. मालिशच्या दुकानात माझ्या शेजारचा म्हातारा घोरत होता, त्याची लाळ गादीवर उतरलेली. या सगळ्यात पितांबरला मजा कशी वाटायची?

मग सराफात. आत जाणार नव्हतो, त्या मुलीनेच पाहिले. "आबा, नाना कुठे?"

"धुळ्याला गेला." मग न राहवून बोललो, "आमची चूक झाली बाई. घ्यायचं काही नव्हतं आणि रोज यायचो."

ती हसली. "माहीत आहे की! नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आम्ही घ्यायला नाही, बसायला आलो. घरी दुपारी बसायला जागा नाही म्हणाले. मालक म्हणाले, बसू द्या. फक्त त्या हाराच्या आदल्या दिवशी नाना येऊन सांगून गेले होते, की उद्या हार मागेन तेव्हा दाखव, हसू नकोस."

तिने सरबत दिले. पिववले नाही. अर्धे ठेवून निघालो.

आधी येऊन कशाला सांगितले असेल? बसमध्ये पुष्कळ विचार केला. नीट उलगडा होत नाही.

घरी जाण्याआधी त्याच्या ओट्यावर बसून पाहिले. मोटारसायकलच्या कडेला थोडी जागा आहे. उतरते ऊन होते तरी फरशी धोतरातून भाजत होती. आतून शिवणयंत्राचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज. कोणीतरी म्हणाले, "बाहेर कोण बसलं?" तर सून म्हणाली, "आपलं म्हातारं तर गेलं." मी उठलो.

इतकी वर्षे समोर राहून तो ओटा मी कधी दुपारी पाहिला नव्हता. दुपारी मी आत पंख्याखाली झोपतो.

२१ मे

भूमिकेला विचारले, "तुला पितांबरचा राग येत नाही?" ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आबा, मला नाशिकला नोकरीची मुलाखत आहे. जाताना धुळ्यावरून जाईन. नानांना पेढे द्यायचेत."

"नोकरी लागायच्या आधी पेढे कसले?"

"ते वेगळे आहेत."

"कसले?"

"नानांनाच विचारा."

हे घर असे कोड्यात बोलायला कधी लागले? ती म्हणते, काय सांगायचे ते लिहून द्या, मी दिपमालाआत्याच्या फोनवर वाचून दाखवते. आधी इथे लिहितो, मग उतरवून देईन.

पितांबर, तू गेलास त्याला फार दिवस झाले. मी बोललो ते बोललो, त्यातले ताईबाईचे परत घेतो. फुकट्याचे घेत नाही, तो तू आहेस. मीही आहे, हे तोतारामने सांगितले. जळगाव होते तसेच घाण आहे. बँकेतला रखवालदार तुझ्याशिवाय मला बसू देत नाही. सराफातली पोर तुझी वाट पाहते, तिला मी काय सांगू? तुझ्या ओट्यावर गाडी लावली आहे. लावू दे. आमच्या ओसरीवर दुसरी खाट टाकली आहे, वर पंखा आहे, दुपारी तिथेच पडत जा. बेबाबाईला सरबतातले काळे मीठ सांगितले. कुठे प्यालो ते तिला आता माहीतच आहे. धुळ्यात तुला कोण ओळखतो? आणि त्या दिवशी तो हार कशाला काढायला लावलास ते मला अजून कळले नाही, कोणी सांगतही नाही. तेवढे सांगायला तरी ये. तिकीट तुला नाहीच. कोणत्या गाडीने निघतो त्याचा निरोप लवकर धाड. मी फाट्यावर येऊन बसतो.